आभाराच्या मिस्सेतलं नाव

दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्क,
सोमवार, १० नोव्हेंबर २०२५

प्रिय सुझी,

जय ख्रिस्त. आपल्या गावच्या व्हिवियनने सुट्टीहून परत आल्यावर शुक्रवारी संध्याकाळी पिशवी आणून दिली. मिळालं ते असं: सुकेळी अर्धा किलो, सोडे पाव किलो, सुके बोंबील एक जुडी, मसाल्याच्या दोन बाटल्या, इराने रंगवलेलं कार्ड आणि तुझं पत्र. एका बाटलीचं झाकण सैल होतं, थोडा मसाला सांडला, तो मी चमच्याने भरून घेतला. इथे एवढं घ्यायला गेलं तर एकशे दहा दिरहम, म्हणजे आपले सव्वीसशे चाळीस रुपये, आणि सोड्यांना ती चव नाही ती नाहीच. पण तू हे पाठवायला नको होतंस. विन्स्टनचा पगार बंद होऊन सहा महिने झाले, आणि भेट तुमच्याकडून आमच्याकडे यावी?

इकडे सगळे बरे. हवा आता सुधारली, एसी दुपारचाच लावते. डेरिक तुमच्या खोलीत झोपतो. भिंतीवर इराच्या उंचीच्या पेन्सिलच्या रेघा आहेत, त्या पुसू का म्हणून विचारलं तर म्हणाला, "लीव्ह इट, मम्मा." ह्यांचं ब्लडप्रेशर वर-खाली होतं. गोळी बदलली आहे. काळजी करू नको.

तुझं पत्र तीनदा वाचलं. रिट्रीटला फादरांनी सांगितल्यापासून तू रोज पाच गोष्टींचे देवाला आभार मानतेस, ते सगळं वाचलं. टेम्पोला भाडं मिळालं, आभार. इराला नव्या शाळेत मैत्रीण मिळाली, आभार. विन्स्टन दुबईत दिवसाकाठी दोन तास दिसायचा, आता दुपारी जेवायला घरी असतो, त्याचेही आभार. तू लिहितेस की संकटात आभार मानायला आधी जीभ वळत नव्हती, आता सवय झाली. तुझं खरंच कौतुक वाटलं. मी प्रार्थना गटात सगळ्यांत पुढे बसते, पण मला हे जमलं नसतं.

पुढे तू लिहिलंस की ख्रिस्त राजाच्या सणाच्या रविवारी, तेवीस तारखेला, तू आभाराची मिस्सा लावली आहेस आणि वेदीवरून आमची दोघांची नावं वाचली जातील. "दादांनी आणि वहिनींनी विन्स्टनसाठी मॅनेजरपुढे शब्द टाकला, यश नाही आलं तरी हे उपकार आम्ही विसरणार नाही." हे वाक्य वाचल्यापासून मला धड जेवण जात नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं असतं, पण तुझा फोन अर्धा वेळ इराच्या हातात असतो. आणि फोन केला असता तर तू "कशी आहेस वहिनी" म्हणाली असतीस आणि मी भाजीचे भाव सांगत बसले असते. म्हणून कागद घेतला.

शब्द कोणी टाकला नाही, सुझी. ते तुला एअरपोर्टवर मी सांगितलं. तू इराला पोटाशी धरून उभी होतीस, सामानाचं वजन चार किलो जास्त भरलं होतं, तू एका हाताने पिशवीतून भांडी काढत होतीस, आणि मला काहीतरी बोलायला हवं होतं. ते खोटं होतं.

झालं ते असं. मे महिन्यातल्या एका शुक्रवारी हे दुपारी लवकर घरी आले. मॅनेजरने स्टोअरमधून एक माणूस कमी करायला सांगितला होता, आणि स्टोअर ह्यांच्याकडे म्हणून नाव ह्यांनीच द्यायचं. तिघेच तर होते: हे, विन्स्टन आणि कमरुद्दीनभाई. कमरुद्दीनभाईंना काढता येत नव्हतं, मशीन त्यांनाच कळते. मी ताटं वाढत होते. हे म्हणाले, "मी माझं देतो. बावीस वर्षं केली, खलास. विन्स्टनची पोर लहान आहे, त्याला राहू दे."

मी म्हटलं, "वेडे झालात? डेरिकची अकरावी आहे."

"गावी शिकेल. आपण नाही शिकलो?"

"आणि घराचे हप्ते? ह्या वयात तुम्हाला कोण घेणार? विन्स्टन तरुण आहे, कुठेही लागेल. वाडी आहे, घर आहे, उपाशी नाही मरणार. विन्स्टनचं लिहा."

हे म्हणाले, "सँड्रा, तो माझा भाऊ आहे."

मी म्हटलं, "आणि मी कोण आहे?"

तेव्हा तू बाथरूममध्ये इराचे युनिफॉर्म घासत होतीस. नळ चालू होता म्हणून ऐकू गेलं नाही. मी मुद्दाम नळ चालू असतानाच बोलले. ह्यांनी ताट तसंच सोडलं. सोमवारी विन्स्टनचं नाव दिलं.

आधी मी मनाला समजावलं की हे डेरिकसाठी. मग म्हटलं, हप्त्यांसाठी. खरं सांगते, मला परत जायची लाज वाटत होती. नाताळला गावी गेलो की लोक "दुबईवाले आले" म्हणतात, ते सुटेल म्हणून मी तुझ्या नवऱ्याचं नाव घातलं. पापाचं कारण एवढंसंच होतं.

आणि ते कमी पडलं म्हणून पुढच्या शनिवारी आपल्या बिल्डिंगमधल्या प्रार्थना सभेत मी साक्ष द्यायला उभी राहिले. विन्स्टनला नोकरी गेल्याचं पत्र गुरुवारी मिळालेलं. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "परमेश्वराने आमचं घर राखलं, त्याचे आभार मानते." तू माझ्या शेजारी होतीस. तू "आमेन" म्हणालीस, आणि बसल्यावर माझा हात दाबलास.

त्या दिवसापासून मला आभार मानता येत नाहीत. पगार आला की तोंडातून सवयीने निघतं, आणि लगेच वाटतं, हा तर तुमचा बंद झाला म्हणून आला. डेरिकची फी भरली, की इराची शाळा आठवते. तू संकटात बसून आभार मानतेस आणि मी भरल्या घरात बसून अडखळते.

मी कन्फेशनला गेले होते. फादर केरळचे, मराठी येत नाही, म्हणून हिंदीत सांगितलं, "देवर का नुकसान हुआ मेरे से." त्यांनी प्रायश्चित्त म्हणून तीन नमो मरिया म्हणायला सांगितल्या. तुला माहीत आहे, मी कोथिंबिरीच्या जुडीलाही घासाघीस करते, पण त्या दिवशी मला वाटलं, एवढ्यात कसं सुटणार? पण चूक माझीच. "नुकसान हुआ" म्हटलं, "किया" म्हटलंच नाही.

हे तर जूनपासून मिस्सेत कम्युनियनची भाकर घ्यायला उठत नाहीत. बाकावरच बसून राहतात. डेरिक विचारतो, "डॅडा, व्हाय आर यू सिटिंग?" हे म्हणतात, "गुडघा दुखतो." काल मी त्यांना तुझं पत्र वाचून दाखवलं आणि विचारलं, कोणी लिहायचं? म्हणाले, "तू लिही. मी लिहिलं तर सगळं तुझ्यावर ढकलीन, आणि सही तर माझी होती."

हे पत्र विन्स्टनलाही वाचायला दे. लपव म्हणून सांगणार नाही, लपवालपवी पुष्कळ झाली. तो दादाशी बोलायचा बंद झाला तर तेही बरोबर आहे. माफी मागायचं मनात आहे, पण तू इतकी सवयीने आभार मानतेस की माफीही सवयीने देशील, आणि मला ती तशी नको.

एकच मागते. मिस्सा रद्द करू नको, ती तुझ्या देवाची आणि तुझी आहे. पण फादरांना सांगून माझं नाव काढ. वेदीवरून "सँड्रा" वाचलं आणि अख्खं गाव "हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक" म्हणालं, तर मी इथे बाराशे मैलांवर कुठे तोंड लपवू? ह्यांचं मात्र राहू दे, तुला पटलं तर. त्या दुपारी ते स्वतःचं नाव द्यायला निघाले होते. विन्स्टनला नाही वाचवलं, पण तेवढा वेळ तरी त्यांनी खरंच शब्द टाकला होता, माझ्यापुढे.

व्हिवियन हे पत्र गुरुवारी घेऊन निघतो आणि वीस तारखेला परत येतो. त्याच्याजवळ दोन ओळी दे. नाव काढलं, किंवा नाही काढलं, एवढंच लिहिलंस तरी चालेल. रिकाम्या हाताने मात्र पाठवू नको.

आजवर पत्राखाली "तुझी वहिनी" लिहीत आले. या वेळी ते तू ठरव.

सँड्रा