समस्त मामा मंडळी

मु. पो. परंदवडी, ता. मावळ

तीर्थस्वरूप विठ्ठल दाजी यांना धाकटा मेहुणा कैलास याचा दोन्ही हात जोडून नमस्कार. (एकाच हाताने करणार होतो, पण तुमचा-माझा काही वाद नाही.) इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत, तुम्हा कुसगावकरांची खुशाली कळवावी. गुडघ्याला तेल चोळता ना? जिना चढू नका. लग्नाच्या धांदलीत ज्योत्स्नाताईचं बीपी वर गेलं असेल, तिला म्हणावं लोणचं बंद कर. सोबत आमच्या सौ. रतनने कुरडया पाठवल्या आहेत. प्रस्तुत विषयात तिचं आणि माझं एकमत नाही, म्हणून कुरडया तिच्याकडून आणि पत्र माझ्याकडून असं समजावं.

हातात फोन असताना कागदावर का लिहितो, असं तुम्हाला वाटेल. दाजी, तुमच्या घरी मी फोनवर पाठवलेलं शेवटचं बोलणं सध्या तळेगावपासून लोणावळ्यापर्यंत रिक्षारिक्षांत वाजतंय. ते कसं, ते पुढे येईलच. कागदाखाली ढोलकी लावता येत नाही, एवढ्या एकाच भरवशावर हे लिहायला बसलोय.

तर मुद्दा असा, की तुमच्या आदिनाथच्या लग्नाची पत्रिका मिळाली. कागद जाड आहे, गणपती छान उठलाय. काकांची नावं आहेत, आत्यांची आहेत, ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं’ म्हणणारा तुमचा नातू आहे (ज्याला अजून ‘काका’ म्हणता येत नाही). आणि मामाच्या जागी काय छापलंय? ‘समस्त मामा मंडळी’. दाजी, ज्योत्स्नाताईला भाऊ किती? मी एक. म्हणजे ती समस्त मंडळी मीच. मी आरशासमोर उभा राहून मंडळी मोजून पाहिली, दुसरं कोणी निघालं नाही. तेव्हा मी लग्नाला येणार नाही. मंगलाष्टकांच्या वेळी नवऱ्यामुलाच्या मागे मामा म्हणून उभं राहायला दुसरं कोणी तरी बघा. पत्रिकेवरून तुमच्याकडे मामा भरपूर दिसतात.

ताई म्हणेल, कैलास लहानपणापासून असाच, पानात मीठ कमी वाढलं तरी रुसायचा. पण हे रुसणं पत्रिकेचं नाही, हे भांडण कंपनीचं आहे. आदिनाथ हॉटेलच्या काउंटरवरची चाव्या द्यायची नोकरी सोडून रॅप करणार म्हणाला, तेव्हा तुम्ही त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. त्याला गाण्याची कंपनी कोणी काढून दिली? मी. ‘तुफान्या रेकॉर्ड्स’. (तुफान्या म्हणजे आमचा शर्यतीचा बैल. तुम्हाला ठाऊक आहे, पण पोस्टात कोणी उघडून वाचलं तर त्यालाही कळलं पाहिजे.) स्टुडिओ गोठ्यातच केला. तिन्ही भिंतींना कडब्याच्या पेंढ्या रचल्या, म्हणजे बाहेरचा आवाज आत येईना. आतला मात्र आतच राहिला, कारण रवंथ करता करता तुफान्या मान हलवायचा आणि घुंगरं वाजायची. पहिल्या गाण्याखाली लोकांनी लिहिलं, की घुंगरांची कल्पना ज्याला सुचली त्याला सलाम. मी तो सलाम बैलाला वाचून दाखवला. गाण्यासाठी आदिनाथने ‘एमसी बोगदा’ असं नाव घेतलं. मी विचारलं बोगदाच का, तर म्हणाला, “मामा, आवाज आत जातो आन घुमून भाईर येतो.” मला ते पटलं होतं.

कंपनी म्हटली की करार आला. सोमाटण्याचा माझा मित्र भिमाजी जमिनीची खरेदीखतं लिहितो. मावळात इतक्या जमिनी विकल्या गेल्या, की आता त्याच्या हाताला दुसरं काही लिहिताच येत नाही. त्याने गट नंबरच्या जागी आदिनाथचं नाव घातलं आणि बाकी मजकूर आहे तसा ठेवला. त्यामुळे ‘सदर कलावंत हा त्यातील झाडझाडोरा, तृण, काष्ठ, पाषाण, निधी-निक्षेप व जाण्यायेण्याच्या वहिवाटीसह’ कंपनीच्या ताब्यात आला. चतुःसीमासुद्धा घातल्या: पूर्वेस विठ्ठलरावांचं घर, पश्चिमेस ओढा, दक्षिणेस मामाचा गोठा आणि उत्तरेस सरकारी रस्ता. आदिनाथने न वाचता सही ठोकली, मीही ठोकली, भिमाजीने पेढा खाल्ला. आता म्हणे आदिनाथ तो कागद घेऊन लोणावळ्याच्या एका वकिलाकडे जाऊन आला. वकील आधी पोटभर हसला आणि मग म्हणाला, की या करारानुसार मामा तुझ्यावर इंद्रायणी भात लावू शकतो, पण गाण्याबद्दल यात एक अक्षर नाही. दाजी, तुम्हीच सांगा, मी भात लावला का?

माझी अट एकच होती आणि तीही तोंडी: प्रत्येक गाण्यात तुफान्याचं नाव एकदा तरी आलं पाहिजे. पहिल्या दोन गाण्यांत आलं. तिसऱ्या गाण्यात आदिनाथला दुःख झालं. उपाशी निजलो, चूल विझली, गल्लीने हाकललं, असं काय काय. ते ऐकून ताई शेजारणींसमोर रडायला लागली, “आरं मेल्या, कालच चार पुरणपोळ्या हाणल्यास की! लोकं म्हंत्याल आई जेवाय घालत न्हाई!” मी कंपनीचा मालक या नात्याने एवढंच सुचवलं, की दुःख खुशाल गा, पण त्या दुःखात बैल आण. उपाशी माणसाच्या दारात बैल असू नये असा कुठे कायदा आहे? तर म्हणाला, कंपनी कलावंताचा गळा दाबते. (गळ्याला मध आणि ज्येष्ठमध मीच आणून देत होतो, ते सोडा.)

मग तो रिसॉर्टवरचा कार्यक्रम झाला. त्याबद्दल तुमच्या कानावर एकच बाजू आली असणार, आता दुसरी ऐका. भुशीच्या वाटेवरच्या त्या रिसॉर्टच्या हिरवळीवर शनिवारी आदिनाथचं गाणं होतं, समोर मुंबईचे पाहुणे. मी तुफान्याला टेम्पोत घालून नेलं, अंगावर झूल, शिंगांना हिंगूळ आणि गोंडे. कंपनीचं चिन्ह कार्यक्रमाला हजर असू नये का? माझा बेत साधा होता: गाण्यात बैलाचं नाव येत नाही ना, मग बैलच येईल. पण स्टेजवरच्या कोणी तरी धूर सोडायचं यंत्र चालू केलं. शर्यतीच्या बैलाला घाटात, म्हणजे पळायच्या पट्टीवर, धुरळा दिसला की सुटायचं एवढंच ठाऊक. तो माझ्या हातातल्या कासऱ्यासकट सुटला, हिरवळ ओलांडली आणि पोहण्याच्या तलावात उतरला. सुदैवाने उथळ बाजूला. तिथे छातीभर पाण्यात शांतपणे उभा राहिला आणि त्याने एकदा मान हलवली. घुंगरं वाजली. काय टाळ्या पडल्या, दाजी! सगळे पाहुणे पाठ फिरवून तलावाकडे धावले, बायकापोरांनी फोटो काढले, एका बाईने त्याला चिक्की भरवली. आदिनाथ स्टेजवर एकटाच आपलं दुःख गात राहिला. माझ्या मते कार्यक्रम तिथे रंगला, त्याच्या मते तिथे संपला. त्याने माइक खाली ठेवला आणि सगळ्यांसमोर मला म्हणाला, “मामा, आजपास्नं तुमी तुमच्या वाटंनं जा, मी माझ्या वाटंनं.” दुसऱ्या दिवशी मोबाइलवर जाहीर केलं, की एमसी बोगदा आता स्वतंत्र कलावंत आहे.

माणसाला राग येतो, दाजी. मी तुमच्या फोनवर बोलून एक निरोप पाठवला, कारण त्याने माझा नंबर बंद करून टाकला होता. म्हणालो, “ज्या गोठ्यात गायला शिकलास त्या गोठ्याला इसरलास व्हय रं? तुफान्यानं तुझं काय घोडं मारलं व्हतं?” तुम्ही तो निरोप त्याला ऐकवलात, तुमचा दोष नाही. त्याने तो कापला, खाली ठेका लावला आणि त्याचं ध्रुवपद केलं. वर आपली कडवी रचली, त्यात कंपनीच्या मालकापेक्षा कंपनीच्या चिन्हाला अक्कल जास्त आहे असं म्हटलं. मला काय म्हणायचं ते म्हण, पण शर्यतीत तुफान्या तिसरा आला असं म्हणायचं काय कारण होतं? त्या निकालाचा वाद अजून मिटलेला नाही. असो. गाणं चाललं. माझ्या कंपनीचं एकही गाणं इतकं चाललं नव्हतं. परवा लोणावळ्यात दुकानदाराला चिक्की ताजी हाय का विचारलं, तर त्याने आवाजावरून ओळखलं आणि ते घोड्याचं म्हणून दाखवा म्हणाला. मी दोनदा म्हटलं. (दुसऱ्यांदा जास्त चांगलं आलं.) आणि त्या गाण्याखाली लिहिलंय काय? ‘आवाज: एक मामा’. आधी ‘एक मामा’, मग ‘समस्त मामा मंडळी’. एक तर हा मला एकटा पाडतो, नाही तर गर्दीत लोटतो. कैलास एवढी तीन अक्षरं छापायला काय होत होतं?

मला वाईट वाटलं, दाजी. भिंतींचा कडबा मी अजून काढलेला नाही. तुफान्याला संध्याकाळी गाणं ऐकायची सवय लागली होती, तो त्या वेळेला दाराकडे बघत बसतो. मीही त्याला सोबत म्हणून बसतो, एरवी मला काही नाही.

कळावे. लोभ पूर्वीइतकाच आहे, तो लग्नाला न येता करीन. थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, नवऱ्यामुलाला नुसतंच ‘बरं’.

आपला,
कैलास (समस्त)

ता. क. लग्नाला येणार नाही म्हणालो, पण कोट शिवायला टाकला होता तो परत आणलेला नाही. शिंप्याने बाह्या लावून टाकल्या होत्या, त्याचं मन मोडवेना. तुफान्याला तर अजिबात आणणार नाही. हॉलच्या मागे सावलीचं झाड आहे का, एवढं फक्त कळवावं.

ता. क. दुसरं. वरातीत ते गाणं वाजणारच, वाजू द्या. फक्त डीजेवाल्याला सांगा, ‘घोडं’ म्हटल्यावर आवाज कमी करू नको, तिथे माझा श्वास चांगला लागलाय.

ता. क. तिसरं आणि महत्त्वाचं. माझ्या जागी जो कोणी मागे उभा राहणार असेल, त्याला हे समजावून सांगा. तुम्हाला माहीत नसेल, ताईलाही नाही, पण चारचौघांसमोर उभं राहिलं की आदिनाथचे पाय लटपटतात. एमसी बोगदा झाला तरी लटपटतात. तेव्हा मागे उभं राहून त्याच्या पाठीवर, दोन खांद्यांच्या बरोबर मधे, तळवा टेकवायचा. थोपटायचं नाही, थोपटलं की त्याला उचकी लागते. बोलायचंही नाही. नुसता हात ठेवायचा, मग तो हळूहळू श्वास सोडतो, तो तळव्याला कळतो. अंतरपाट धरल्यापासून हात काढायचा नाही. शेवटच्या ‘सावधान’ला किंचित दाबायचा, म्हणजे हार घालायला तो पुढे होईल, नाही तर तिथेच उभा राहील. त्याआधी दाबला तर आधीच पुढे जाईल. हात कोरडा हवा, आणि अक्षता टाकायच्या त्या दुसऱ्या हाताने. जाऊ द्या दाजी, हे एवढं सगळं परक्या माणसाला शिकवत बसण्यापेक्षा मीच येतो.