मजेत आहे, असं लिही

टाकानिनी, न्यूझीलंड, २००६

शेवंते, तुझ्या थोरल्या बहिणीचा तुला भरभरून आशीर्वाद.

आज सूनबाई कांचन नाही, नात ऋचा लिहून घेतेय. तुला फोनवर ऐकू येत नाही आणि मला अक्षर येत नाही, अशी आपली जोडी! ऋचा युनिव्हर्सिटीत कुणा नामांकित अमेरिकन कवीची पत्रं अभ्यासतेय, मला मराठीतून सांगते. मेला जगाला लिहायचा, मी मजेत आहे. आणि बहिणीला लिहायचा, सकाळी उठावंसंच वाटत नाही. मी म्हटलं, "एवढा नावाजलेला बाप्या आणि बहिणीपाशी रडतो?"

ऋचा म्हणाली, "आज्जी, तो स्वतःच्या हातानं लिहायचा ना."

तेव्हापासून तेच मनात घोळतंय गं.

पाच वर्षं मी कांचनला सांगत आले, मजेत आहे असं लिही. पोर वाईट नाही. पण तिच्याच हातानं कसं लिहवून घेऊ, की सकाळी सगळे गाड्या काढून गेले की दिवसभर रस्त्यावर माणूस दिसत नाही, मला इथं मरायचं नाही, तुझ्याजवळ यायचंय? आज सांगितलं. ऋचानं डोळे पुसत लिहिलं.

पण हे पाठवायचं नाही. तिकडे तुला वाचून दाखवणार तुझी सून, आणि मला ठेवून घेणंही तिच्याच हातात.

मग लक्षात आलं, शेवंते. तुझी पत्रंही तीच लिहिते. त्या सगळ्या पत्रांत तू मजेत असतेस. अगदी माझ्याइतकीच.

तुझी अंगठेबहाद्दर,
आक्का