अण्णांना एक्साइट होऊ द्यायचं नाही

रहिमतपूर, १९४२. गुरुवार, संध्याकाळ

डॉक्टरांनी बजावलंय, अण्णांचं हृदय नाजूक आहे, त्यांना एक्साइट होऊ देऊ नका. घरात शिकलेली मी एकटीच, म्हणून तो शब्द मीच सगळ्यांना समजावला. आता आईसुद्धा त्यांना दटावते, "आवं, म्हस बांधंल की कुनीबी! एक्साइट हू नगा!"

पण दादाला गेल्या आठवड्यात कराडच्या मोर्चात पोलिसांनी धरलं, हे त्यांना सांगायचं कसं?

आज त्यांनी विचारलंच. "दादा कुठं हाय गं?"

"सांगलीला, मामाकडं."

"भंडारा उचलून सांग."

आई दारात पदर तोंडाशी धरून उभी. मी उचलला. देवाचा भंडारा मुठीत घेऊन खोटं बोलले. खरं बोलले असते आणि पुन्हा छातीत कळ आली असती तर? तळवा कितीदा धुतला, पिवळा तो पिवळाच.

अण्णा शांत झाले, पेज प्याले. मग हसून म्हणाले, "ऐतवारी घिऊन ये त्याला. लय दिस झालं बगून."

मी हो म्हणाले. का म्हणाले? पुन्हा हाताकडेच लक्ष जातंय. तुरुंगातल्या माणसाला रविवारी अण्णांपुढे कशी आणून उभा करू?