ट्रेलरचं वजन आणि जावयाचं पाणी

२९ जुलै २०१८, रविवार. कॅल्गरी
ट्रेलर आला. वीस फुटी. सेकंडहँड, पण आत बेड, किचन, शॉवर, सगळं. ड्राइव्हवेमध्ये उभा आहे. आता जावयाच्या घरात पाऊल टाकायची गरज नाही.

मागच्या डिसेंबरात विनिपेगला लेकीकडे गेलो होतो. आंघोळ करत होतो, तर जावयाने वॉशरूमचं दार वाजवलं. म्हणे बाबा, हॉट वॉटर टँक छोटा आहे, ऊर्मीला ऑफिसला जायचंय. सासऱ्याच्या अंगाला साबण असताना! शी! अजून आठवलं की डोकं फिरतं. तेव्हाच कानाला खडा लावला. अनिशच्या घरी आंघोळ नाही, आणि पाण्याचा घोटसुद्धा नाही.

आता ऊर्मीला मुलगी झाली आहे. बारसं १८ ऑगस्टला, शनिवारी. आपण ट्रेलर घेऊन जाणार, त्यांच्या दारात लावणार, आणि आपल्याच घरात राहणार. जयंती नातीला बघायला उतावीळ झाली आहे. विमानाने जाऊ म्हणत होती. मी म्हटलं, जरा धीर धर, बाळंतपण करायला अनिशची आई आली आहेच नाशिकहून. हे ऐकून ही उठून आत गेली आणि दोन दिवस धड बोलली नाही. मी काय वाईट बोललो?

४ ऑगस्ट, शनिवार
वेट डिस्ट्रिब्यूशन हिच बसवून घेतला. ट्रेलर जोडला की गाडीचं बूड खाली बसतं, तोंड वर जातं आणि पुढची चाकं रस्ता धरत नाहीत. हा हिच दोन पोलादी बार ताणून ते वजन सगळ्या चाकांना वाटून देतो. बसवणाऱ्याने मॅन्युअल दिलं, ते ड्रॉवरमध्ये टाकलं. मी तीस वर्षं पाइपलाइनची लोड कॅल्क्युलेशन्स केली आहेत. वजन वाटून टाकलं की उरतं किती?

मग हायवेवरच्या ट्रकांच्या काट्यावर नेऊन रिकामा ट्रेलर मोजला. एकोणीसशे किलो. गाडी बावीसशेपर्यंत ओढते. झकास. ऊर्मीने बाळाचं नाव ठरवलंय, ते जयंती नेमकं काट्यावरच सांगत होती. म्हटलं थांब, आधी टंग वेट. म्हणजे ट्रेलरचं तोंड हुकावर जेवढा भार टाकतं तो. ट्रेलरच्या वजनाच्या दहा टक्क्यांखाली गेला की ट्रेलर शेपूट हलवतो. बारा टक्के भरला. नाव राहूनच गेलं.

९ ऑगस्ट, गुरुवार
शेजारच्या बी.सी. प्रांतातल्या वणव्यांचा धूर शहरभर. सूर्य गाजरासारखा दिसतोय. त्यात हिचं पॅकिंग. डिंकाचे लाडू, अळिवाचे लाडू, घुगऱ्यांसाठी हरभरे (विनिपेगला हरभरे मिळत नाहीत का?), पुरणयंत्र, आणि लाकडी पाळणा. ऊर्मी झाली तेव्हा हिच्या माहेराहून, मिरजेहून, बोटीने आला होता. तेव्हापासून बेसमेंटमध्ये धूळ खातोय. या बाईला लोड म्हणजे काय ते ठाऊकच नाही.

मी फक्त पाणी भरलं. आपल्या घरचं, फिल्टरचं. मागच्या बेडखालची टाकी काठोकाठ, शिवाय निळे कॅन बेडवर रचून ठेवले. अनिशच्या नळाचं पाणी जिभेला लावणार नाही म्हणजे नाही.

११ ऑगस्ट, शनिवार
पुन्हा काट्यावर. चोवीसशे!! टंग वेट मात्र उलट घटलं, सहा टक्के. मला वाटतं काटा बिघडलाय. सरकारी आहे.

काटा बिघडला नसेल तर हे सगळं लाडवांमुळे. जयंतीला तसं स्पष्ट सांगितलं. ती म्हणाली, अहो, पाणी किती आहे मागे ते मोजलंत का? तिला समजावलं की ट्रेलर बनवणारी कंपनीसुद्धा ब्रोशरमध्ये ड्राय वेट देते. ड्राय. म्हणजे पाणी ते धरतच नाहीत. त्यावर ही म्हणाली, जन्मात कधी भरलेला हंडा उचललाय का? विषय कुठला, ही बोलते काय! डोकं उठलं.

१३ ऑगस्ट, सोमवार
निर्णय घेतला. पाळणा काढला. लाडू अर्धे केले. पुरणयंत्र काढलं. बाळाला लाँड्री बास्केटमध्ये ठेवता येईल, वर जरीचं काही टाकलं की फोटोत कळत नाही. हे जयंतीला सांगितलं. ती पाळण्याची धूळ पदराने पुसत बसली. पटलं असावं.

१४ ऑगस्ट, मंगळवार
टेस्ट ड्राइव्ह. स्ट्रॅथमोरच्या अलीकडेच एक ट्रक बाजूने गेला आणि ट्रेलर जरासा हलला. ही उगाच किंचाळली. डॅशबोर्ड धरून घरापर्यंत देवाचं नाव घेत होती. हिचचे बार ताणून धरणारी साखळी एक कडी घट्ट केली. आता गाडीचं बूड चांगलं वर आलंय, ऐटीत दिसते.

घरी आल्यावर हिने अनिशला फोन लावला. दार लावून. नवऱ्याच्या तक्रारी जावयाकडे! हद्द झाली.

१५ ऑगस्ट, बुधवार
जयंती गेली. विमानाने. तिकीट अनिशने पाठवलं. पाळण्याचे सगळे भाग सोडवून, दोन जुन्या रजयांत गुंडाळून, चेक-इन लगेज म्हणून घेऊन गेली. उरलेले लाडू पर्समध्ये. टॅक्सीत बसताना म्हणाली, तुम्ही या सावकाश, मला माझी नात बघायची आहे. पंधरा ऑगस्टचा मुहूर्त बरा साधला.

बरंच झालं. गाडीतलं साठ किलो वजन कमी झालं.

१६ ऑगस्ट, गुरुवार. मेडिसिन हॅट
एकटाच निघालो. ब्रुक्सनंतर वारा सुटला. ट्रेलर पुन्हा हलायला लागला, म्हणून साठच्या स्पीडने, फ्लॅशर लावून आलो. मागे हॉर्नच हॉर्न. एका पिकअपवाल्याने बोट दाखवलं. या देशातले लोक म्हणे सभ्य! साखळी आणखी एक कडी घट्ट केली. आता हलला तर नाव बदलीन.

१७ ऑगस्ट, शुक्रवार. मूस जॉ
स्विफ्ट करंट ओलांडलं आणि साखळीचा ब्रॅकेट तुटला. धाडकन. ट्रेलरने गाडीला डावीकडे ओढलं, मग उजवीकडे, आणि गाडी, ट्रेलर, मी, सगळेच गवतात. काही झालं नाही. हात बराच वेळ थरथरत होते, पण ते एसीमुळे.

टो-ट्रकने ओढून इथल्या कॅम्पग्राउंडवर आणून टाकलं. मेकॅनिक सोमवारी. म्हणजे बारसं गेलं. ऑफिसमधली बाई मला डीन म्हणते. दीनानाथचा डीन. शी! मी ठासून सांगितलं की ब्रॅकेट निकृष्ट होता. ती म्हणाली, शुअर, डीन.

ऊर्मीला मेसेज केला की मूस जॉच्या कॅम्पग्राउंडवर आहे, थोडा उशीर होईल. तिने लिहिलं, बाबा, आर यू ओके? मी थम्ब्स-अप पाठवला.

१८ ऑगस्ट, शनिवार. दुपारी ४
बारसं फोनवर बघितलं. पिकनिक टेबलावर उभं राहिलं तरच सिग्नल येतो. उभा राहिलो. शेजारची कुटुंबं बार्बेक्यू सोडून माझ्याकडे बघत होती. बघू देत.

पाळणा दिसला. तेल लावून चकाचक केलेला, झेंडू टांगलेले. जयंती पाळणा म्हणत होती. तिचा आवाज अजून चांगला आहे, हे मी विसरलोच होतो. बाळाचा एक पाय दिसला. मग अनिशची बहीण वाकली, बाळाच्या कानात कुर्र केलं, आणि नाव सांगायला तोंड उघडलं तोच स्क्रीन गोठली. तिचं तोंड उघडं ते उघडंच. परत चालू झालं तेव्हा सगळे घुगऱ्या खात होते.

नाव कळलं नाही.

विचारणार कसं? आजोबा आहे मी.

१९ ऑगस्ट, रविवार
दुपारी अनिश दारात हजर. पहाटे निघून गाडी हाकत आला. मी बोलावलं नव्हतं. आल्या आल्या ट्रेलरभोवती फिरला, मागच्या बेडखाली वाकला आणि विचारलं, बाबा, टँक फुल आहे? म्हटलं, असणारच. तो म्हणाला, इतकं वजन शेपटाला असेल तर तोंड उचललंच जाणार, हिच कितीही ताणला तरी. आणि त्याने ड्रेन उघडला. मग कॅनही ओतले.

माझं कॅल्गरीचं फिल्टरचं पाणी सस्कॅचवानच्या खडीतून वाहत गेलं. बराच वेळ. इतकं होतं हे मलाही वाटलं नव्हतं. समोर उभं राहून पोरगा एक शब्द बोलला नाही. चार शब्द सुनावले असते तर मीही चार सुनावले असते. ही कसली पद्धत!

ट्रेलर तिथेच ठेवला. माझी गाडीही. त्याच्या गाडीत बसून विनिपेगला. वाटेत हा बाळाबद्दल बोलत होता, पण नुसतं बाळ, बाळ. एकदाही नाव घेतलं नाही. मी तीनदा विषय काढला, की बारशात सगळं नीट पार पडलं ना? हो बाबा, एकदम मस्त.

२० ऑगस्ट, सोमवार. विनिपेग, बेसमेंट
बाळ मांडीवर दिलं. माझ्याकडे बघून जांभई दिली. घरातले सगळे तिला चिऊ म्हणतात. वैताग. शेवटी स्वयंपाकघरात जयंतीला हळूच विचारलं. ती म्हणाली, मी तुम्हाला काट्यावर सांगत होते, तुम्ही थांब म्हणालात. अजून थांबलेय. आता हवं असेल तर अनिशला विचारा.

म्हटलं, त्याला कसं विचारू? ती म्हणाली, तोंडाने. आणि भाजी फोडणीला टाकली.

२१ ऑगस्ट, मंगळवार. सकाळी
आंघोळ केली. भरपूर वेळ. कोणी दार वाजवलं नाही. ते जास्तच लागलं.

वर आलो तर अनिश एकटाच, बाळाला खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालत होता. आधी पाणी मागितलं. त्याने एका हाताने नळ सोडला, ग्लास भरून दिला. अर्धा ग्लास प्यायलो. मग विचारलं.

हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. बाळाला माझ्या हातात दिलं आणि सांगितलं, बाबा, गौरांगी. आणि तिला कानाशी बोललेलं आवडतं.

साडेचार किलो असेल. तेवढ्यानेही हात थरथरत होते. इथे एसी नाही.

उरलेलं पाणी प्यायलो. बरं आहे.