पायाचं माप

जॉर्जटाउन, डेलावेअर
३ ऑक्टोबर २०१५

ती. फेर्मिनाताईस,
धाकट्या ऑरेलियाचा सा. न. वि. वि.

सामान ने-आण करणाऱ्या एउसेबिओच्या गाडीतून तुझं चीज आणि मिरची मिळाली. चीजला वाटेत घाम फुटला होता, तरी आम्ही मावशी-भाचीने दोन दिवसांत फस्त केलं. तुझी एल्विरा बरी आहे. इंग्रजी फाडफाड बोलते आणि माझं इंग्रजी ऐकून खो खो हसते. हे फोनवरही सांगितलं असतं, पण तुमच्याकडे फोन म्हणजे तोमासाचं दुकान, आणि तोमासाच्या कानात पडलं की गावभर झालं. म्हणून पत्र.

आता मुद्द्याचं. दोन फेब्रुवारीला पोरगी अठराची होईल. वकीलबाईंनी सगळ्या वाटा तपासल्या. लहानपणी इथे आलेल्यांना एक सवलत आहे, पण आपली आली गेल्या वर्षी, सोळा पूर्ण झाल्यावर. आसरा मागावा तर जिवावर उठलेलं कुणी दाखवावं लागतं. उरली एकच वाट. ज्या लेकराला आईने किंवा बापाने टाकलंय, त्याला न्यायालय पालक नेमून देतं आणि त्याच्या जोरावर कायमचं राहण्याची परवानगी मागता येते. हे अठरा पूर्ण व्हायच्या आत झालं पाहिजे. नंतर इथलं न्यायालय हात वर करतं, आणि मग तिला कधीही उचलून सीमेपार सोडतील.

गास्पार मेक्सिकोत कॉफी तोडायला गेला तेव्हा एल्विरा चार वर्षांची होती. त्यानंतर त्याने तोंड दाखवलं नाही, असं मी समजत होते. आणि काल वकीलबाईंसमोर ही बया शांतपणे सांगते की पपा दर नाताळला बूट पाठवतात! वकीलबाई म्हणाल्या की असं असेल तर बापाने टाकलं हे न्यायाधीशाला पटणं कठीण. गेल्या नाताळचे बूट तिला चावतात, टाचांना फोड आलेत, तरी तेच घालते. विचारलं तर म्हणते, घरून आलेत.

ताई, पाणी कुठेतरी मुरतंय. तो तुला भेटतो का? ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस. सोबत संमतिपत्र आहे, पालक म्हणून माझं नाव घातलंय. सही करून एउसेबिओकडे दे.

लोभ आहे, पण उत्तर खरं हवं.
तुझी ऑरेलिया


वेवेतेनांगो
२५ ऑक्टोबर

चि. ऑरेलियास,
अ. आ.

तुझं पत्र वाचलं आणि तुझा कागदही वाचला. तिसरीपर्यंतच शिकले असले तरी मला वाचता येतं, हे तू विसरलीस वाटतं. त्यात लिहिलंय की माझ्या मुलीचा ताबा ऑरेलियाला द्यायला माझी हरकत नाही. का गं, मी मेले का?

नऊ महिने पोटात मी वाढवली, तापात रात्री मी काढल्या, आणि अठराव्या वर्षी पालक तू? आयत्या बिळावर नागोबा! तुला मूल नाही याचं मला वाईट वाटतं, देवाशपथ वाटतं. पण लहानपणी माझी निळी फीत अशीच फक्त जत्रेपुरती नेली होतीस. अजून परत आलेली नाही.

आणखी एक ऐकलं. तोमासाच्या चुलतबहिणीने असाच कागद दिला. तिला नंतर कळलं की मुलाला या वाटेने परवाना मिळाला की त्याला पुढे आई-बापाला बोलावून घेता येत नाही. कधीच नाही. हे तुझ्या पत्रात कुठे आहे? चीजला घाम फुटला ते लिहायला जागा होती, एवढ्यालाच नव्हती?

बुटांच्या चौकशा करू नकोस. माझ्या घरात काय येतं न् काय जातं ते माझं मी बघेन. सही केलेली नाही.

लोभाचं पुढे काय करायचं ते तुझं तू ठरव.
फेर्मिना


जॉर्जटाउन
१५ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत उघडलं. दिवसभर गार कोंबड्या कापून बोटं वाकडी झालीत माझी, ताई. तुझी मुलगी चोरायला मला फुरसत कुठे आहे?

पण एक कबूल करते. त्या कलमाचं मला माहीत होतं. लिहिलं असतं तर तू सही केली नसतीस, म्हणून मूग गिळून गप्प बसले. हो, या वाटेने तिला परवाना मिळाला तर तिच्या नावावर तू इकडे येऊ शकणार नाहीस. ते खरंच आहे. आणि सही केली नाहीस तर तिलाच इथे राहता येणार नाही, हेही तितकंच खरं आहे. दुसरी वाट असती तर मी तुझ्या शिव्या खाल्ल्या असत्या का?

न्यायालयाची बारा जानेवारीची तारीख मिळालीय. तू बुटांचं उत्तर टाळलंस, त्यामुळे मला आता खात्रीच वाटते की गास्पारला तू पाठीशी घालतेस. एल्विराला खोदून विचारलं तर ती भिंतीकडे तोंड करून बसते. तुम्ही मायलेकींनी मिळून मला वेड्यात काढलंय.

शेवटी तिलाच म्हटलं, आईला तू लिही. तिचं पाकीट सोबत आहे. तिने माझ्यासमोर चिकटवलं, मी वाचलेलं नाही. एवढा तरी विश्वास ठेव.

तुटेपर्यंत ताणू नकोस.
ऑरेलिया


जॉर्जटाउन
१४ नोव्हेंबर

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

आई, रागावू नकोस. बूट पपा पाठवत नाहीत, हे मला नऊ वर्षांची असल्यापासून माहीत आहे.

नाताळच्या आधी एखाद्या पहाटे तू मागावरचा लाल दोरा माझ्या पायाला लावायचीस, टाचेपासून अंगठ्यापर्यंत, आणि गाठ मारायचीस. मला इतक्या गुदगुल्या व्हायच्या! मी ओठ चावून झोपेचं सोंग घ्यायचे. मग थोड्या दिवसांनी पपांचे बूट यायचे आणि अगदी बरोब्बर बसायचे. ज्याने मला चार वर्षांची पाहिली त्याला माझा पाय कुठून कळणार? पण तू तोमासाच्या दुकानापुढे थांबून मोठ्याने सांगायचीस की गास्पारने पाठवलेत. तेव्हा तुझी मान ताठ असायची. म्हणून मी कधी विचारलं नाही.

गेल्या वर्षी मात्र बूट चावले. दोरा लावायला माझा पायच तिथे नव्हता ना. तरी घालते, कारण ते तुझे आहेत.

वकीलबाईंकडे मावशी शेजारीच बसली होती. तिच्यासमोर तुझी मान खाली जायला नको, म्हणून खोटं बोलले. आणखी एक कारण होतं. तुला कधी इथे आणता येणार नाही, हे मला आधीच कळलं होतं. मावशीने सांगितलं नाही, मीच वकीलबाईंना विचारलं. ती परवान्याची वाटच बंद झालेली बरी, असं तेव्हा वाटलं.

आता भीती वाटते. आमच्या शाळेतली एक मुलगी अठराची झाली. आता पोलिसांची गाडी दिसली तरी ती दुकानात शिरून उगाच साबण बघत बसते. मला तसं जगायचं नाही गं. न्यायाधीशासमोर शपथ घेऊन खरं सांगायचंय, पण तुझं गुपित तुला विचारल्याशिवाय फोडणार नाही. तू नको म्हणालीस तर गप्प बसेन.

तुझी माया असू दे, उत्तर काहीही आलं तरी.
तुझी एल्विरा


वेवेतेनांगो
६ डिसेंबर

चि. एल्विरास,
पोटभर आशीर्वाद.

आधी तुला चार शिव्या घातल्या. एवढीशी पोर झोपेचं सोंग घेते आणि आईला पत्ता नाही! मग चुलीपाशी बसून रडले. पोळ्या करपल्या.

सही केली. खाली माझ्या हाताने लिहिलंय की गास्पार गेला तो परत आला नाही, त्याने लेकीसाठी कधी चप्पलसुद्धा पाठवली नाही, आणि बूट मीच घेत होते. लिहिताना वाटलं, आता घर कोसळणार. अंगणातली कोंबडीसुद्धा जागची हलली नाही. मग स्वतःच जाऊन तोमासाला सांगितलं. ती म्हणाली, बूटवाल्याने तिला केव्हाच सांगितलं होतं, सगळ्या गावाला माहीत आहे. म्हणजे इतकी वर्षं लोक माझी मान ताठ राहू देत होते. आणि मी त्यांच्यावर संशय घेत होते, तुझ्या मावशीवरसुद्धा.

मला तिकडे यायचं नव्हतं असं लिहिणार होते, पण खोटं पुरे झालं. यायचं होतं. तुझं स्वयंपाकघर बघायचं होतं. पण माझ्यासाठी तू साबण बघत लपावंस, हे मला नको. तुझे पाय एकदा मोकळे होऊ देत. ते इकडची वाट विसरणार नाहीत, एवढं मी त्यांना ओळखते. न्यायाधीशाला सगळं सांग. मान वर करून सांग.

मावशीला म्हणावं, निळी फीत तुलाच राहू दे.

आता एक काम. सोबत लाल दोरा ठेवलाय. तुझा पाय वाढलाय आणि आता माझा हात तिथवर पोचत नाही. स्वतः वाकून माप घेऊ नकोस, वाकलं की चुकतं. मावशीला घेऊ दे. तिला सांग, टाचेपासून अंगठ्यापर्यंत दोरा लाव आणि गाठ घट्ट मार. नाताळ हुकेल, पण अठराव्या वाढदिवसाला बूट पोचतील.

खोक्यावर या वेळी माझं नाव असेल.
तुझी आई,
फेर्मिना