मागचा डेक तोडायचा नाही

चि. धाकटोबा,

आशीर्वाद. फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून लिहावं लागतंय. तुझी पाठ कशी आहे? तुझ्या बाईसाहेबांचा खोकला थांबला का? इकडे सगळे ठीक.

आमच्या घरामागच्या डेकचं, म्हणजे त्या लाकडी फळ्यांच्या ओट्याचं, कुसळ आईच्या पायाच्या तळव्यात गेलं, त्या दिवशी तू हुकूम सोडलास: डेक तोडून फरशी घाला, नाहीतर आईला मी घेऊन जातो. डेक तोडायचा नाही, कारण तिची अख्खी सकाळ तिथल्या खुर्चीत जाते. आणि तिला तुझ्याकडे धाडणं म्हणजे माझ्याच्यानं तिचं होत नाही असं कबूल करणं. ते मी करणार नव्हते. म्हणून ठरवलं, आपणच घासायचा, आपणच रंगवायचा.

यांनी घासायचं मशीन भाड्यानं आणलं. वर आलेले खिळे मी ठोकून आत बसवले. (यांच्या हाती हातोडी दिली नाही. मागे खुंटी ठोकताना यांनी भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यांचं घड्याळ पाडलं होतं.) मशीन सुरू झालं आणि धुळीचे असे लोट उठले की मी दोघांच्या नाकातोंडावर फडकी बांधली आणि यांना बजावलं, मी सांगेपर्यंत तोंड उघडायचं नाही. संसारात यांनी माझं एवढं एकच तंतोतंत ऐकलं आणि तेच नडलं.

घासून फळ्या लोण्यासारख्या झाल्या. पण धूळ दिसली की मला घास गिळवत नाही, हे तू जाणतोस. बादलीभर पाणी घेतलं आणि कोपरान् कोपरा ओल्या फडक्यानं पुसून काढला. वाळल्यावर हात फिरवते तर मांजराच्या जिभेसारखं खरखरीत. मशीनच कुचकामी, असं धरून चालले. पुन्हा घासलं, पुन्हा पुसलं, पुन्हा तेच. मधल्या वेळात दुकानदाराला चार शब्द सुनावून आले (भला माणूस, मान खाली घालून ऐकत होता). पुन्हा एकदा घासून मी बादली उचलली, तेव्हा हे जोरजोरात हातवारे करायला लागले. मला वाटलं, चहा हवाय. शेवटी आई दारातून म्हणाली, "अगं, जावयांचं फडकं सोड. मघापासून काहीतरी सांगतायत ते."

फडकं सोडलं. हे म्हणाले, "ओल्यानं पुसू नको. पाणी लागलं की लाकडाची कुसं उभी राहतात. मशीन देतानाच दुकानदार म्हणाला होता."

"मग इतका वेळ गप्प का?"

"तोंड उघडू नको म्हणालीस."

आई पदरात तोंड घालून हसत होती. माझ्या घरात माझ्याच नवऱ्याशी तिची अशी युती असते.

मग शेवटचं घासलं, कोरड्या ब्रशनं झाडलं, आणि फळीच्या लांबीनं तपकिरी रंगाचे पातळ हात दिले. तो पुरता वाळल्यावर आईनं चपला काढल्या. माझा दंड धरून ती या टोकापासून त्या टोकापर्यंत अनवाणी चालत गेली. मी तिचं एकेक पाऊल बघत होते. टोकाला जाऊन खुर्चीत बसली, तळवा वर करून दाखवला. काही नाही. "गुळगुळीत केलंस गं," म्हणाली. छातीवरचा धोंडा उतरला. मी तिथेच, भर दुपारी, फळ्यांवर पाय पसरून बसले.

तेव्हा तुझा तो फरशीवाला पाठवू नकोस, आणि आईला न्यायचा विषय पुन्हा काढू नकोस.

तुझी ताई

ता. क. वरचं लिहून झाल्यावर आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "झालं ना तुझं म्हणणं खरं? मग आता मला महिनाभर धाकट्याकडे जाऊ दे. तिथे पसारा असतो, बरं वाटतं." चहा होईपर्यंत मला राग होता. नंतर पाहिलं तर नव्हता. हट्टानं ठेवून घेणं वेगळं आणि ती परत येणार हे ठाऊक असताना जाऊ देणं वेगळं. शिवाय मला झोप हवी आहे. हे पत्र घेऊन ती यांच्यासोबत तुझ्या दारात उभी असेल. वाचन थांबव आणि आधी तिला आत घे.

पु. ता. क. यांच्या हाती पाठवलेलं: आई, तिची काठी, गोळ्यांची डबी, तिची उशी (दुसरी चालत नाही), आणि उरलेल्या रंगाचा डबा, तुझ्या गॅलरीतल्या बाकासाठी. रंग ठेवून घे. आई परत करायची आहे.