शेवटच्या फुलाची पाकळी

मंगळवार, ता. १०

प्रिय ताई,

नमस्कार. मी बरी आहे. तुझे डोळे कसे आहेत? थेंब वेळेवर घालतेस ना? भाऊजींचा खोकला थांबला असेल.

जाऊ दे, ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? शनिवारी तुझं पत्र आलं, तेव्हापासून तेच पुन्हा पुन्हा काढून वाचतेय.

प्रदर्शनात मांडलेली तुझी लेस एका परदेशी बाईंची नक्कल आहे अशी नोटीस आली, गुरुवारी अकराला वकिलांकडे बोलावलंय, माफी लिहून दिली नाहीस तर लेस विणून विकायचीच बंदी. आणि खाली तू लिहिलंस, ‘नोटिशीसोबतचा त्यांच्या लेसचा फोटो पुसट आहे, पण त्या बाईंचा विणायचा हात अगदी आपल्या आईसारखा गं. फक्त शेवटचं फूल दिसत नाही.’ माफी मागू का, असं मलाच विचारतेस!

मागू नकोस.

तुझी लेस आमच्या दुकानात उशांच्या अभ्र्यांना लागते, असं मी सांगत आले. खोटं. ती लग्नाच्या झग्यांना लागते. पहिल्या वर्षी ती तशीच पडून होती. एका बाईंनी चिमटीत धरून ‘घरगुती वाटते’ म्हणून टाकून दिली. मला इतका राग आला! पिकतं तिथे विकत नाही, एखादं परदेशी नाव लावून बघा, असं मी मालकिणीला चेष्टेत म्हणाले. त्यांनी ते खरं केलं. आईच्या बटणांच्या डब्यावरचं अर्धं खरवडलेलं परदेशी नाव मीच पुरं करून दिलं. उच्चारताना मालकीणबाईंचं तोंड गरम घास घेतल्यासारखं होतं. महिन्याभराने त्याच बाई आल्या, तीच लेस गालाला लावून म्हणाल्या, “तिकडचा हातच वेगळा.” मी हसले गं. मला मजा वाटली.

मग शेवटच्या फुलाचं निघालं. आपलं काम कुठेही ओळखू यावं म्हणून आई त्याला सहाऐवजी पाचच पाकळ्या ठेवायची, तूही ठेवतेस. मालकीणबाई म्हणाल्या, परदेशी मालात चूक चालणार नाही. तेवढं फूल मी कापत आले. सात वर्षं, दर वेळी, याच हातांनी.

आमच्या एका गिऱ्हाइकाने प्रदर्शनात तुझी लेस पाहिली आणि दुकानात येऊन जाब विचारला, म्हणून मालकीणबाईंनी त्या परदेशी नावाने ही नोटीस काढली. तू घाबरून सही करशील, असं मालकिणीला वाटतं. नोटीस निघणार हे मला आधीच माहीत होतं. नोकरी जाईल या भीतीने मी गप्प बसले. गुरुवारी मलाही बोलावलंय, त्यांच्या बाजूने, ती परदेशी बाई मी डोळ्यांनी पाहिली आहे असं सांगायला.

सोबत आईचा डबा पाठवतेय. कापलेलं एकही फूल मला फेकवलं नाही. बेचाळीस आहेत. प्रत्येकाच्या पाकळ्या मोजून बघ. गुरुवारी डबा टेबलावर उपडा कर आणि सगळ्यांदेखत मला विचार, ती बाई कोण. आपणहून तोंड उघडायची हिंमत माझ्यात नाही, मी मला ओळखते. पण तू समोर बसून विचारलंस तर मला खोटं बोलता येणार नाही. लहानपणीही कधी आलं नाही.

बघितलीय मी ती बाई, ताई. डोळ्यांत थेंब घालून खिडकीशी विणत बसते.

गुरुवारी समोरच्या खुर्चीत असेन. विचारल्याशिवाय उठू नकोस.

अजून म्हणू देणार असशील तर,
तुझी धाकटी